घर क्रमांक शून्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या या व्याख्यानमालेत आम्हांस प्रथम देण्यात आलेला विषय 'दिल्लीतील मराठी माणूस' हा होता. परंतु या विषयावर मंडळाच्या रौप्यमहोत्सवात तीन व्याख्याने झाली होती व त्यांपैकी एक आमचेच होते, ही गोष्ट आम्ही कार्यवाहांच्या नजरेस आणून दिली. आणि मधल्या पंचवीस वर्षांत आमच्या विचारांत सांगण्याजोगी भर पडलेली नाही, हेही प्रांजळपणे कबूल केले. तेव्हा विषय बदलून मिळाला. आज आम्ही बोलणार आहोत ते या शहरात ज्यांस घर नाही अशा माणसांच्या मताधिकाराविषयी.

पक्षीय राजकारणास मंडळाच्या घटनेत मज्जाव आहे आणि तो असावा, असेच आमचे मत आहे. मत कोणास द्यावे यासंबंधी येथे एक अक्षरही निघणार नाही. मतदारयादीत नाव कसे येते, का येत नाही, आणि आलेले कसे जाते, एवढाच आमचा प्रश्न.

गाडगेमहाराजांच्या पुण्यतिथीस, म्हणजे २० डिसेंबरला, मंडळातर्फे उघड्यावर झोपणाऱ्यांस ब्लँकेटे वाटण्यात येतात, हे आपणांस ठाऊक आहेच. ज्या पुरुषाने पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र हाती खराटा घेऊन गावोगाव फिरत जन्म काढला, त्याच्या स्मरणार्थ हाच उपक्रम योजावा, यात औचित्य आहे. २०२२ सालच्या वाटपास आम्ही काश्मिरी गेटच्या बाजूस होतो. उड्डाणपुलाखाली तीस-पस्तीस माणसे झोपली होती. त्यांतील एका हमालास आम्ही ब्लँकेट दिले. गृहस्थ पन्नाशीचे, मूळचे दरभंग्याकडील, दिल्लीत येऊन बावीस वर्षे झालेली. त्यांनी ते घेतले, नीट घडी करून उशाशी ठेवले आणि म्हणाले, "बाबूजी, कंबल तो हर साल मिल जाता है. वोटर कार्ड बनवा दीजिए."

कार्ड कशास हवे, असे आम्ही विचारले. आमचा समज असा की, रेशन किंवा तत्सम काही लाभासाठी हवे असेल. त्यांनी जे सांगितले ते निराळे होते. निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराच्या गाड्या पुलावरून जातात, पुलाखाली कधी थांबत नाहीत, कारण खाली एकही मत नाही हे गाडीवाल्यांस पक्के ठाऊक असते. पलीकडे झोपडपट्टी आहे, तेथे गाडी थांबते, तेथे नळ आला. आमच्याकडे नळ नाही. एवढे बोलून गृहस्थ आडवे झाले.

त्या रात्री आम्ही त्यांस काहीच उत्तर दिले नाही, याचे खरे कारण आमचे अज्ञान होते. आम्ही धरूनच चाललो होतो की, ज्यास घर नाही त्यास मत नाही. वर्षानुवर्षे केंद्र सरकारच्या नोकरीत कागद हाताळलेल्या माणसाने असे धरून चालावे, ही शरमेची गोष्ट होय. दुसऱ्या दिवशी कायद्याचे पुस्तक काढून बसलो.

घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदात प्रौढ मताधिकार दिलेला आहे. वयाची अट पूर्वी २१ ची होती, ती ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून १८ वर आली. यादीत नाव येण्यासाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १९ वे कलम दोनच गोष्टी मागते. वय, आणि माणूस त्या मतदारसंघात 'सामान्यतः निवासी' असणे. आता हा 'सामान्यतः निवासी' म्हणजे कोण? २० व्या कलमात त्याचा खुलासा आहे, आणि तो वाचून आम्ही पुस्तक मिटले व पुन्हा उघडले. कलम म्हणते की, एखाद्याच्या मालकीचे किंवा ताब्यात राहते घर एखाद्या मतदारसंघात आहे, केवळ एवढ्यावरून तो तेथला सामान्यतः निवासी ठरत नाही.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. कायदा घर मागत नाही. उलट नुसते घर पुरेसे नाही, असे सांगतो. त्यास हवा असतो तो माणसाचा मुक्काम. आणि या कसोटीवर पाहू गेल्यास बावीस वर्षे एका शहरात रात्र काढणारा तो हमाल दिल्लीचा निवासी ठरतो. आम्ही मात्र, ज्यांचे नाव वाईजवळच्या आमच्या गावच्या यादीत वाड्याच्या जोरावर चाळीस वर्षे कायम होते आणि ज्यांनी त्या वाड्यात त्या चाळीस वर्षांत गणपतीचे दिवस सोडून क्वचितच रात्र काढली, ते कायद्याच्या दृष्टीने तेथले निवासी नव्हतो. सभागृहात काही चेहऱ्यांवर स्मित दिसते आहे. आपल्यापैकी कित्येकांची नावे गावीही आहेत आणि येथेही आहेत, हे आम्ही जाणून आहोत. तो तर त्याच कायद्याचा उघड भंग आहे, आणि नोंदणीच्या अर्जात जाणूनबुजून खोटे निवेदन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद ३१ व्या कलमात आहे. असो. सणासुदीचा प्रसंग आहे, अधिक बोलत नाही.

घर आणि मत यांची ही फारकत सहज झालेली नाही. इंग्रजी अमदानीत १९१९ व १९३५ च्या कायद्यांखाली मताधिकार होता तो शेतसारा, प्राप्तिकर, घराचे भाडे, शिक्षण अशा मापांनी मोजून दिलेला होता. ज्याचे काही नाही त्याचे मतही नाही, असा तो सरळ हिशेब. १९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा ती पुष्कळांस अव्यवहार्य वाटली होती. पुढे स्वातंत्र्य मिळाले, आणि घटना पुरी होण्यापूर्वीच, १९४७ च्या अखेरीपासून, संविधान सभेच्या सचिवालयाने घटनासल्लागार बेनेगल नरसिंग राव यांच्या देखरेखीखाली मतदारयाद्यांची तयारी आरंभिली. त्या याद्यांसाठी अट अशी होती की, ३१ मार्च १९४८ रोजी संपलेल्या वर्षात माणसाने त्या ठिकाणी निदान १८० दिवस वास्तव्य केलेले असावे.

आता त्या वर्षी ही अट लक्षावधी निर्वासितांस कशी लागू पडावी? याच दिल्लीत पुराण्या किल्ल्यात व किंग्जवे कँपच्या तंबूंत माणसे राहत होती. त्यांच्यापाशी १८० दिवसांचा तर राहोच, १८ दिवसांचा पुरावा नव्हता. तेव्हा सचिवालयाने असे ठरविले की, निर्वासिताने आपण या गावी कायम राहू इच्छितो असे नुसते सांगितले, तरी त्याचे नाव यादीत घ्यावे. किती दिवस राहिला हे पाहू नये. लजपतनगर, राजेंद्रनगर, पटेलनगर या वसाहती, जेथे आज आपल्यापैकी अनेकांचे संसार आहेत, त्या मागाहून उठल्या. एवढे मोठे संकट कोसळलेले असताना ज्या कारकुनांनी हा निर्णय घेतला व अमलात आणला, त्यांस आमच्यासारखा जुना कारकून नमस्कारच करील.

परंतु यादी करणारा दयाळू असून भागत नाही. यादीस स्वतःची एक शिस्त असते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लक्ष मतदार नोंदले गेले, आणि सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे वगळावी लागली. कारण त्यांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ही नोंद मान्य केली नाही. कोणी त्यांस कठोर म्हटले. पण त्यांचे म्हणणे खरे होते, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या स्त्रिया आपापली नावे सांगू लागल्या. तेव्हा अडसर नावाचा होता. आज तो पत्त्याचा आहे, आणि फरक असा की, नाव सांगणे त्या स्त्रियांच्या हाती होते. पत्ता उत्पन्न करणे पुलाखालच्या माणसाच्या हाती नाही.

या माणसांची संख्या थोडी नाही. २०११ च्या शिरगणतीत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली, ती देशभरात सुमारे पावणेअठरा लाख भरली. दिल्लीत सुमारे ४७ हजार. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक. पुढली शिरगणती २०२१ साली होऊ शकली नाही, म्हणून याच आकड्यांवर भागवावे लागते. जे लोक या माणसांत वावरतात, ते या आकड्यांस कमीच मानतात. एका रात्रीत अंधारातील माणसे मोजून होतात, असे आम्हांसही वाटत नाही.

निवडणूक आयोगाने यांच्यासाठी तरतूद केलेली नाही असे नव्हे. नव्या नोंदणीचा अर्ज असतो नमुना क्रमांक ६ चा. इतरेजनांनी त्यास वीजबिल, पाण्याचे बिल, बँकेचे पासबुक, आधारकार्ड, पासपोर्ट, भाडेकरार यांपैकी काहीतरी जोडावे लागते. बेघराने काहीही जोडू नये. जेथे झोपतो ती जागा पत्ता म्हणून लिहावी. मग मतदानकेंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांस सगळेजण बी.एल.ओ. म्हणतात, त्यांनी रात्री त्या जागी जाऊन तो माणूस खरोखर तेथे झोपतो की नाही हे पाहावे. एकच रात्र नव्हे, एकाहून अधिक रात्री जावे. तसा तो आढळला की निवासाच्या कागदी पुराव्याची गरज नाही. नियम करणाऱ्याने विचार केला होता, हे मान्य करणे भाग आहे. सरकारी नियमात 'रात्री' हा शब्द सहसा आढळत नाही.

सारे अडते ते या एका शब्दापाशी.

जानेवारी २०२३ मध्ये आम्ही आणि मंडळाचे आणखी तिघे सभासद यांनी मिळून त्या पुलाखालच्या तेवीस जणांचे अर्ज भरले. नावांचे स्पेलिंग, बापाचे नाव, जन्मसाल, यांतच चार संध्याकाळी गेल्या. दोन स्त्रियांचे अर्ज भरलेच नाहीत. त्या म्हणाल्या, आम्ही कोठे झोपतो हे आम्ही कोणास सांगत नाही, म्हणून तर आजवर सुखरूप आहोत. त्यावर काय बोलावे ते आम्हांस सुचले नाही, आणि आजही सुचलेले नाही. आपण पत्ता लिहितो तेव्हा तो आपल्या सोयीचा असतो. एकट्या बाईने आपली झोपण्याची जागा परक्या माणसाच्या कागदावर लिहून द्यावी, हा तिच्यापुरता धोका असतो.

महिन्याभराने त्या तेवीस अर्जांचा निकाल लागला. बहुतेक सर्व नामंजूर. शेरा एकच : 'पत्त्यावर आढळला नाही.' चौकशी करता कळले की, पाहणी झाली होती, पण सकाळी अकरा वाजता. सकाळी अकरा वाजता हमाल खारी बावलीत असतो, लग्नसराईत भांडी घासणारा मंडपात असतो, कचरा वेचणारा कोठे असेल ते सांगवत नाही. पुलाखाली त्या वेळी एक कुत्रे आणि गुंडाळून ठेवलेली अंथरुणे असतात. आणखी दोघांस सांगण्यात आले की, तुमच्या आधारकार्डावर बिहारचा पत्ता आहे, तेव्हा तेथेच नाव नोंदवा. तेथे नोंदवावे तर गावचा अधिकारी म्हणणार, तुम्ही येथे राहत कोठे? या कार्यालयाचे नाव आम्ही घेत नाही. कार्यालय एकच असते तर प्रश्न सोपा होता.

आम्हांस राग आला होता हे खरे. पण दुसऱ्या खेपेस, २०२३ च्या नोव्हेंबरात याद्यांच्या फेरतपासणीच्या वेळी, आम्ही त्या भागाच्या बी.एल.ओ. बाईंना समक्ष भेटलो, आणि राग ओसरला. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. बी.एल.ओ. बहुधा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकाच असतात; आपले मूळचे काम सांभाळून हे काम करावयाचे, आणि त्याचे मानधन २०२५ साली वाढून वर्षास १२ हजार रुपये झाले, त्यापूर्वी ते निम्मे होते. बाई म्हणाल्या, "रात्री अकरा वाजता मी पुलाखाली कोणाच्या सोबतीने जाऊ?" प्रश्न रास्त होता. नियमाने त्यांस रात्री पाठविले, सोबत दिली नाही.

तेव्हा सोबतीस आम्ही गेलो. त्यांचे यजमान स्कूटरवरून त्यांस घेऊन आले. थर्मासमधून चहा आणला होता. बाईंनी बॅटरीच्या उजेडात एकेकाचे नाव वहीशी ताडून पाहिले, वर्गात हजेरी घेतात तसे. माणसे अंथरुणात उठून बसली आणि 'हाँजी' म्हणाली. चौथ्या दिवशी पुन्हा गेलो. त्या दोन रात्रींनी जे झाले ते आधीच्या वर्षभरात झाले नव्हते : एकवीस अर्जांपैकी चौदा मंजूर झाले. उरलेले सातजण दोहोंपैकी एका रात्री तेथे नव्हते; दोघे आजारी होऊन इस्पितळात, बाकीचे कामावर. हमाल चौदांत होते.

२५ मे २०२४ रोजी लोकसभेचे मतदान झाले. ऊन भयंकर होते. नोकरदारांस त्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी असा कायदा आहे. ज्यास मालकच ठरलेला नाही, त्यास ती कोण देणार? तरी चौदांतील अकराजण आले. एकाचे कार्ड चोरीस गेले होते. ते त्याने डोक्याखाली ठेवले होते, पिशवीसकट गेले. तेव्हापासून बाकीच्यांनी आपली कार्डे कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवण्याचा प्रघात पाडला आहे. प्रत्येक निवडणुकीच्या सकाळी हा डबा उघडतो. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी विधानसभेच्या वेळी आम्ही मुद्दाम पाहावयास गेलो होतो. चहावाल्याने एकेकाचे नाव वाचून कार्ड हाती दिले आणि पैसे मात्र चहाचे घेतले.

त्यानंतर त्या वर्षात पुलाखाली सुशोभीकरणाचे काम निघाले. जाळी बसली, कुंड्या आल्या. माणसे पांगली. शहर सुंदर करण्यास आमची हरकत नाही, परंतु अशा वेळी पत्ता नाहीसा होतो आणि पत्त्यामागोमाग नाव, याकडे कोणाचे लक्ष नसते. हे रैनबसेऱ्यांचेही होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सराय काले खाँ येथील रैनबसेरा पाडण्यात आला, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून गाजली. वस्तुतः दिल्लीतील रैनबसेऱ्यांची आजची व्यवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या जानेवारीतील आदेशांमुळे उभी राहिली. आधीच्या डिसेंबरात पुसा रोडवरील एक तात्पुरता निवारा भर थंडीत काढून टाकण्यात आला होता, त्यावरून ते प्रकरण न्यायालयापुढे गेले होते. एक निवारा मोडल्यामुळे शेकडो उभे राहिले, असा तो विलक्षण योग. ज्यांनी त्या निवाऱ्यांचा पत्ता देऊन नावे नोंदविली, त्यांची नावे निवारा उठला की यादीत अधांतरी लोंबकळत राहतात.

नाव काढून टाकावयाचे झाल्यास त्या माणसास आधी सूचना देऊन त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. १९९५ साली लाल बाबू हुसेन यांच्या प्रकरणात, जे दिल्ली व मुंबई येथील मतदारांसंबंधी होते, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, यादीत आधीच असलेले नाव सहजासहजी काढता येणार नाही; माणसास बाजू मांडण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे. उत्तम. पण ही सूचना पोहोचवावयाची कोठे? पुलाच्या खांबास चिकटवावी, तर माणूस आता खांबापाशी नाही. जाळीच्या आत तर कोणीच नाही. न्याय कागदावर पुरा होतो आणि कागद वाऱ्यावर जातो.

येथे मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्याची आठवण होते. जुलै १९८५ चा तो निकाल. खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड, आपल्या पुण्याकडचे. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालाने प्रस्थापित केले, म्हणून तो थोर. पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र त्याने मानला नाही. पावसाळा संपेपर्यंत मुदत दिली. १९७६ च्या गणनेत ज्यांस ओळखपत्रे मिळाली होती, त्यांस पर्यायी जागा द्यावी, असेही त्यात होते. आमच्या मते त्या निकालातील अत्यंत व्यवहारी भाग तोच. एका रात्री कोणी येऊन मोजून गेले होते, कागद हाती देऊन गेले होते, एवढ्यावरच त्या माणसांचे दहा वर्षांनी निभावले.

२०२५ साली हा विषय अकस्मात सर्वांच्या तोंडी आला. ऑगस्टमध्ये मतदारयाद्यांतील घर क्रमांकाच्या रकान्यात शून्य असलेल्या नोंदींवरून मोठा वाद माजला. मुख्य निवडणूक आयुक्तांनी खुलासा केला की, पुष्कळ घरांस क्रमांकच मिळालेले नसतात, आणि काही माणसे रस्त्याच्या कडेस, पुलाखाली, दिव्याच्या खांबापाशी झोपणारी असतात; त्यांच्या नावापुढे शून्य पडते. त्या वादात कोणाचे किती खरे, हे ठरविण्याचे स्थान हे नव्हे. आम्ही मात्र घरी येऊन जुनी छापील यादी काढली आणि आमच्या चौदांची नावे पुन्हा वाचली. वय, लिंग, बापाचे नाव, घर क्रमांक ०. देशभर जी नोंद संशयाची खूण म्हणून दाखविली जात होती, ती या चौदांच्या बाबतीत अगदी खरी होती. त्या वेळी बिहारात याद्यांची सखोल फेरतपासणी चालली होती. नोव्हेंबरपासून ती आणखी १२ राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत सुरू झाली, गोवा त्यांतच. पद्धत अशी की, अधिकारी घरोघर जाऊन प्रपत्रे देतो व भरून घेतो. 'घरोघर' हा शब्द आपण किती सहज उच्चारतो!

आक्षेप घेतले जातात ते आम्ही ऐकलेले आहेत, मंडळातही ऐकले. अशा माणसांची मते विकत घेतली जातात, म्हणतात. घेतली जात असतील. बंगल्यांतली घेतली जात नाहीत काय, एवढेच विचारावेसे वाटते. भाव निराळा, एवढेच. दुसरा आक्षेप दुबार नोंदीचा. त्यावर आम्ही मघाशीच पुरेसे बोललो आहोत व सभागृह हसलेले आहे.

काय करता येईल, हे आता थोडक्यात सांगतो, कारण त्यात अवघड असे काही नाही. रात्रीच्या पाहणीच्या तारखा आधी जाहीर कराव्यात, बी.एल.ओ. बरोबर त्या जागेचा माहीतगार माणूस व वाहन द्यावे. एका रात्री माणूस आढळला नाही तर अर्ज फेटाळण्याऐवजी तिसरी रात्र द्यावी. रैनबसेरा सरकारच हलविते, तेव्हा तेथील नावेही नव्या जागी सरकारनेच हलवावीत. पत्ता बदलण्याचा नमुना ८ माणसाने भरेपर्यंत वाट पाहू नये. नाव काढण्याची सूचना रात्री रैनबसेऱ्यात वाचून दाखवावी. स्त्रियांच्या बाबतीत आम्हांस इंग्लंडातील रीत बरी वाटते : तेथे २००० सालच्या कायद्याने बेघरास एखाद्या भागाशी आपला संबंध असल्याचे निवेदन करून नाव नोंदविता येते, झोपण्याची जागा उघड करावी लागत नाही. आपल्याकडे एखादा दवाखाना, अन्नछत्र किंवा दिवसा जेथे ती जाते अशी संस्था हा पत्ता का चालू नये, हा विचार व्हावा. त्या दोघींचे अर्ज आमच्याकडे कोरेच पडून आहेत.

मंडळापुरते म्हणाल, तर ब्लँकेटांच्या वाटपाबरोबर नमुना ६ चे कागद घेऊन जाण्याचा ठराव कार्यकारिणीने केला आहे. ज्यांची शाळेच्या नोकरीतून निवृत्ती झाली आहे अशा भगिनींचा यात फार उपयोग होईल, कारण बी.एल.ओ. बाईंच्या सोबतीस बाईमाणूस असणे बरे.

या भाषणाची तयारी करताना आम्ही आमचे स्वतःचे नाव गावच्या यादीतून काढून येथील यादीत आणले. मन थोडे जड झाले. वाड्याशी असलेला शेवटचा सरकारी संबंध तो होता. वीजबिल जोडले, अकरा दिवसांत काम झाले, पाहणीस कोणी आले नाही. त्याच सुमारास आमच्या हमालमित्रांचाही पत्ता बदलण्याचा अर्ज भरला. ते आता खारी बावलीत एका बंद दुकानाच्या ओट्यावर झोपतात. नव्या भागाचे बी.एल.ओ. तरुण आहेत, सज्जन आहेत. पहिल्या रात्री ते आले, नाव वहीत ताडून गेले. दुसरी रात्र अद्याप व्हावयाची आहे.